मोटार कारखान्यांच्या सोयरिकी

मोटारी बनविणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या एकत्र येण्याचे ठरवितात, तेव्हा त्या दिवसाचा थाट एखाद्या घरंदाज लग्नाचा असतो. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी व्यासपीठावर येतात, हस्तांदोलने होतात, छायाचित्रे निघतात आणि ‘आम्ही दोघे अगदी बरोबरीचे’ या शब्दांची मुक्तहस्ते उधळण होते. ७ मे १९९८ रोजी जर्मनीची डायमलर-बेंझ आणि अमेरिकेची क्रायस्लर यांच्या एकीकरणाची लंडनमध्ये घोषणा झाली, ती अशीच. सुमारे ३६ अब्ज डॉलरांचा तो व्यवहार होता आणि ‘बरोबरीच्यांचे मीलन’ असे त्याचे वर्णन करण्यात आले होते. अडीच वर्षेही लोटली नाहीत, तोच जर्मन बाजूचे प्रमुख युर्गेन श्रेम्प यांनी एका वृत्तपत्राशी बोलताना सांगून टाकले की, क्रायस्लर हा आपल्या कंपनीचा एक विभाग व्हावा हेच पहिल्यापासून आपल्या मनात होते; ते आधी उघड केले असते तर व्यवहारच झाला नसता. पुढे २००७ मध्ये क्रायस्लरचा ८० टक्के हिस्सा एका गुंतवणूक संस्थेला विकून डायमलरने आपली सुटका करून घेतली.

एवढा अनुभव गाठीशी असूनही या कंपन्या पुन्हा पुन्हा एकमेकींचे दार का ठोठावतात? याचे कारण हौसेत नाही, हिशेबात आहे. नवी मोटार आखावयाची म्हणजे तिचे इंजिन, तिचा सांगाडा, तिच्या पत्र्याला आकार देणारे पोलादी साचे, अपघाताच्या चाचण्या, धुराविषयीचे देशोदेशींचे निराळे नियम, या साऱ्यांवर पैसा ओतावा लागतो. आणि तो पहिली गाडी विकली जाण्यापूर्वीच ओतावा लागतो. आपल्यातून दहा हजार दारे निघणार आहेत की दहा लक्ष, हे साच्याला ठाऊक नसते. त्याची किंमत दोन्ही वेळा जवळपास तीच. ज्याच्या गाड्या अधिक खपतात त्याच्या प्रत्येक गाडीच्या वाट्याला या खर्चाचा लहानसा अंश येतो; ज्याच्या कमी खपतात तो पहिल्या दिवसापासूनच मागे पडलेला असतो. दोन कारखान्यांनी एकच इंजिन वापरले, एकाच पायावर दोन निराळ्या दिसणाऱ्या गाड्या उभारल्या, तर हा भार वाटला जातो. कागदावर हे इतके सरळ दिसते की, अजून सर्वच कारखाने एक कसे झाले नाहीत याचेच नवल वाटावे. परंतु इंजिन कोणाचे घ्यावयाचे, दुसऱ्याच्या अभियंत्यांनी मग करावयाचे काय, आणि मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, हे प्रश्न त्या हिशेबाच्या वहीत कोठेच मांडलेले नसतात.

या शेवटच्या शब्दाविषयीच मला आज बोलावयाचे आहे, आणि त्यासाठी डायमलरइतके परके उदाहरण घेण्याचे कारण नाही. जपानच्या सुझुकी कंपनीचे नाव भारतात ठाऊक नाही असे गाव विरळा. या मध्यम आकाराच्या कंपनीने गेल्या चार दशकांत चार मोठे घरोबे केले : अमेरिकेच्या जनरल मोटर्सशी, भारत सरकारशी, जर्मनीच्या फोक्सवॅगनशी आणि सरतेशेवटी शेजारच्याच टोयोटाशी. चारही वेळा समोरचा पक्ष तिच्याहून थोर होता. तरीही ती गिळली गेली नाही. ती कशी वाचली हे जितके पाहण्यासारखे आहे, तितकेच स्वतः मोठ्या जागी बसल्यावर ती कशी वागली, हेही.

सुझुकीचा जन्म मोटारींत झालेला नाही. हामामात्सु या गावी मिचिओ सुझुकी यांनी १९०९ साली हातमागांचा कारखाना काढला आणि कितीतरी वर्षे ही मंडळी मागच बनवीत होती. १९५२ मध्ये त्यांनी सायकलला जोडावयाचे छोटे इंजिन काढले आणि १९५५ मध्ये पहिली छोटी मोटार. १९७८ साली कंपनीची सूत्रे ज्यांच्या हाती आली ते ओसामु सुझुकी मूळचे मात्सुदा. बँकेत नोकरी करणारा हा तरुण १९५८ मध्ये सुझुकी घराण्यात विवाह करून आला आणि जपानी रिवाजाप्रमाणे सासरचे आडनाव घेऊन राहिला. आपल्याकडे घरजावई म्हटले की ओठांवर थोडे हसू येते. या घराण्यात मात्र जावयानेच कारभार पाहावयाचा, हा पायंडा त्यांच्या आधीपासूनच पडलेला होता. दुसऱ्याच्या घरी राहूनही आपला शब्द कसा चालवावा, याचे शिक्षण या गृहस्थांना घरातच मिळाले असावे, असा विनोद कोणी केला तर तो अगदीच अस्थानी ठरणार नाही.

कंपनीची स्थिती तेव्हा फारशी भक्कम नव्हती. धुराचे नवे नियम आले तेव्हा सुझुकीची जुन्या धाटणीची इंजिने त्यांत बसेनात. १९७७ मध्ये तर आपल्या एका गाडीसाठी दाइहात्सु या प्रतिस्पर्धी कंपनीचे इंजिन विकत घेण्याची पाळी तिच्यावर आली. दाइहात्सु ही टोयोटाच्या गोटातली. हा उपकार हामामात्सुच्या लोकांनी लक्षात ठेवला, असे पुढील घटनांवरून दिसते.

१९८१ मध्ये जनरल मोटर्सने सुझुकीचे सुमारे ५ टक्के भागभांडवल घेतले. जनरल मोटर्स ही त्या काळी जगातील सर्वांत मोठी मोटार कंपनी. हा देवमासा तुम्हाला गिळून टाकणार नाही काय, असे वार्ताहरांनी विचारले, तेव्हा ओसामु सुझुकींनी दिलेले उत्तर जपानात अद्याप सांगितले जाते. आम्ही डास आहोत, असे ते म्हणाले. लहानशी मासोळी देवमाशाच्या पोटात जाते. डास वेळ आली की उडून जाऊ शकतो. उत्तर विनोदी होते, पण त्यामागचा विचार पक्का होता. अमेरिकनांना स्वस्त, लहान गाड्या हव्या होत्या आणि त्या बनविणे त्यांना साधत नव्हते. सुझुकीला अमेरिकेचे दार हवे होते. प्रत्येकाला दुसऱ्याकडून एकच ठळक गोष्ट हवी होती आणि कोणालाही दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरावयाचे नव्हते. पुढे हा हिस्सा २० टक्क्यांपर्यंत वाढला, तरी देवमाशाने तोंड उघडले नाही. २००६ मध्ये जनरल मोटर्सलाच पैशांची नड लागली आणि तिने बहुतेक समभाग विकले. उरलेले २००८ मध्ये गेले. सुमारे सत्तावीस वर्षांचा हा घरोबा भांडणावाचून संपला. अशा घरोब्यांची वृत्तपत्रांत बातमी फारशी होत नाही, म्हणून ते किती असतात ते आपल्याला कळतही नाही.

दुसरा घरोबा आपल्या देशातला. भारत सरकारने १९८० मध्ये बंद पडलेली मारुती कंपनी ताब्यात घेतली, फेब्रुवारी १९८१ मध्ये मारुती उद्योग लिमिटेड ही सरकारी कंपनी स्थापन केली, आणि तिच्यासाठी परदेशी भागीदाराचा शोध सुरू झाला. त्या वेळी साऱ्या भारतात वर्षाकाठी पन्नास हजारांच्याही आत मोटारी तयार होत. मुंबईची प्रीमियर आणि कलकत्त्याजवळची हिंदुस्तान मोटर्स या दोन कारखान्यांच्या गाड्यांसाठी लोक वर्षानुवर्षे नाव नोंदवून वाट पाहत. अशा देशात वर्षाला लाखभर गाड्या खपतील हे परदेशी कारखानदारांना पटेना. यंत्रे विकावयास, आराखडे द्यावयास ते तयार होते. स्वतःचे भांडवल गुंतविण्याची गोष्ट निघाली की पाय मागे घेत. सुझुकीने पाय मागे घेतला नाही. जपानात आपण कधी पहिले होणार नाही, तेव्हा जगात कोठेतरी एका देशात तरी पहिले व्हावे, असा ओसामु सुझुकींचा ध्यास होता. २ ऑक्टोबर १९८२ रोजी करार झाला. सुझुकीचा हिस्सा २६ टक्के, पुढे तो ४० टक्क्यांपर्यंत वाढविण्याची मुभा, आणि बाकी सारे सरकारचे. १४ डिसेंबर १९८३ रोजी गुडगावच्या कारखान्यातील पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली.

वाट्याच्या आकड्यांवरून पाहता या घरात सुझुकी पाहुणीच होती. परंतु कारखान्यात पाऊल टाकणाऱ्याला सत्ता कोठे आहे ते लगेच उमगे. साहेब आणि कामगार यांचा पोशाख एक, जेवणघर एक, सकाळी एकत्र व्यायाम, कार्यालयात भिंतींची बंद दालने नाहीत. कामगाराच्या हाताला हत्यार किती पावलांवर असावे, इथपासून दिवे किती वेळ जळावेत इथपर्यंत हामामात्सुचा हिशेब चाले. सुटे भाग देशातच बनावेत अशी सरकारची अट होती; त्यासाठी कारखान्याच्या आसपास लहानमोठे पुरवठादार उभे करण्यात आले, त्यांतील काहींत मारुतीनेही भांडवल घातले. वैयक्तिक मत सांगावयाचे तर, मारुतीची खरी करामत त्या ८०० सीसीच्या गाडीपेक्षा या पुरवठादारांच्या जाळ्यात आहे. गाडी जपानात आखलेली होती. एकसारखा दर्जा राखून वेळेवर भाग पुरविण्याची शिस्त मात्र इथल्या मातीत नव्याने रुजवावी लागली. व्ही. कृष्णमूर्ती आणि आर. सी. भार्गव यांच्यासारख्या सरकारी सेवेतून आलेल्या कारभाऱ्यांनी सुझुकीला हे सारे करू दिले आणि दिल्लीच्या दप्तरांपासून कारखान्याला दूर ठेवले, याचे श्रेय त्यांना द्यावयास हवे. बहुमत एकाचे आणि विद्या दुसऱ्याची, असा हा संसार होता. तो जवळजवळ पंधरा वर्षे सुरळीत चालला, कारण बहुमत असलेल्याने विद्या असलेल्याच्या कामात हात घातला नाही.

आता तिसऱ्या घरोब्याकडे वळू. तोच सर्वांत नाट्यमय आहे.

२००८ च्या अखेरीस सुझुकीची अवस्था कशी होती पाहा. जनरल मोटर्स निघून गेली होती. जगभर मंदी होती. ओसामु सुझुकी ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. ज्यांच्यावर पुढील कारभाराची भिस्त होती ते त्यांचे जावई हिरोताका ओनो डिसेंबर २००७ मध्ये निधन पावले होते. आणि मोटारींचे तंत्र तर भराभर बदलत होते. पेट्रोल आणि वीज या दोहोंवर चालणाऱ्या हायब्रिड गाड्या, नव्या प्रकारची डिझेल इंजिने, निव्वळ विजेच्या गाड्या या सर्वांचे संशोधन एकट्याने करणे सुझुकीच्या आवाक्याबाहेरचे होते. दुसरीकडे फोक्सवॅगनने २०१८ पर्यंत जगात पहिला क्रमांक मिळविण्याचा संकल्प सोडला होता. तिच्याजवळ तंत्र होते, पैसा होता. नव्हती ती स्वस्त गाडी बनविण्याची हातोटी आणि भारतातील बाजारपेठ. पुण्याजवळ चाकण येथे तिचा नवा कारखाना २००९ मध्येच सुरू झाला होता, पण जर्मन पद्धतीने बनलेली गाडी भारतीय मध्यमवर्गाच्या खिशाला जड जात होती. भारतातील जवळपास अर्धी बाजारपेठ ज्यांच्या हाती आहे त्यांच्याशीच सोयरीक जुळविली तर, असा विचार वोल्फ्सबुर्गच्या मंडळींनी केला असल्यास त्यात नवल नाही.

९ डिसेंबर २००९ रोजी घोषणा झाली. फोक्सवॅगनने सुमारे २२२ अब्ज येन मोजून सुझुकीचे १९.९ टक्के समभाग घेतले. त्यातील काही रकमेतून सुझुकीने फोक्सवॅगनचे दीड टक्का समभाग घ्यावयाचे ठरले. हा १९.९ चा आकडा लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. हिशेबशास्त्राच्या रूढ नियमांप्रमाणे एखाद्या कंपनीत २० टक्के वाटा असला की, तिच्या कारभारावर तुमचा लक्षणीय प्रभाव आहे असे गृहीत धरले जाते. सुझुकीने दार उघडले ते उंबरठ्याच्या एक दशांश टक्का अलीकडेच पाहुण्याला थांबवून.

पाहुण्याने त्या दशांशाचा अर्थ निराळा लावला. फोक्सवॅगनच्या २०१० सालच्या वार्षिक अहवालात सुझुकीचा उल्लेख सहयोगी कंपनी म्हणून आला, आणि तिच्या आर्थिक व व्यावहारिक धोरणांवर आपण लक्षणीय प्रभाव पाडू शकतो, असेही त्यात म्हटले होते. जर्मन हिशेबनिसाला त्यात काही वावगे वाटले नसेल. हामामात्सुमध्ये मात्र ते वाक्य घरात येऊन भिंतीवर आपले नाव लिहावे तसे वाचले गेले. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हण जपानी भाषेत आहे की नाही हे मला माहीत नाही. तिचा आशय मात्र ओसामु सुझुकींनी त्या वर्षी जाहीर लेखनात मांडला. आपण समान दर्जाचे भागीदार आहोत, कोणाची उपकंपनी नव्हे, हे त्यांचे म्हणणे होते. शिवाय ज्या हायब्रिड तंत्रासाठी हा सारा खटाटोप, ते तंत्र पाहावयासच मिळत नाही, अशीही त्यांची तक्रार होती.

ठिणगी पडली ती एका इंजिनावरून. जून २०११ मध्ये सुझुकीने हंगेरीतील कारखान्यासाठी १.६ लिटरचे डिझेल इंजिन इटलीच्या फियाटकडून घ्यावयाचे ठरविले. फियाटशी तिचा परिचय जुना होता. भारतात खपणाऱ्या तिच्या डिझेल गाड्यांना १.३ लिटरचे इंजिन फियाटच्याच परवान्याने मिळत होते. पुढे जानेवारी २०१२ मध्ये रांजणगाव येथील फियाट आणि टाटा यांच्या संयुक्त कारखान्यातून वर्षाला एक लक्षपर्यंत अशी इंजिने मारुतीला पुरविण्याचाही करार झाला. फोक्सवॅगनचे म्हणणे असे की, डिझेल इंजिन घेताना प्रथम आम्हाला विचारणे करारानुसार बंधनकारक होते. सप्टेंबरमध्ये तिने करारभंगाची नोटीस दिली. सुझुकीने उत्तरादाखल सोयरीकच मोडावयाचे जाहीर केले आणि आपले समभाग परत मागितले. फोक्सवॅगन ते देईना. नोव्हेंबर २०११ मध्ये प्रकरण लंडनमधील आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेले आणि तेथे जवळजवळ चार वर्षे अडकून पडले.

घरोबा करणे किती सोपे आणि मोडणे किती कठीण, याचा वस्तुपाठ या चार वर्षांत मिळाला. तंत्र थांबलेले नव्हते. इतर कंपन्या पुढे जात होत्या. आणि सुझुकीला दुसरा भागीदारही शोधता येत नव्हता, कारण घरातला पाचवा हिस्सा अशा एकाच्या हाती होता, ज्याच्याशी बोलणे बंद होते. अखेरीस ऑगस्ट २०१५ मध्ये निकाल लागला. करार संपविण्याचा सुझुकीचा हक्क लवादाने मान्य केला आणि फोक्सवॅगनने समभाग परत द्यावेत असा आदेश दिला. त्याचबरोबर इंजिनाच्या बाबतीत सुझुकीनेही काही अंशी करार मोडला होता, हेही नमूद केले. १७ सप्टेंबर २०१५ रोजी सुझुकीने ते समभाग सुमारे ४६० अब्ज येनांना परत घेतले. फोक्सवॅगनने मोजलेल्या रकमेच्या दुपटीहून ही रक्कम अधिक होती. घशात अडकलेले हाड निघाल्यासारखे वाटते, अशा आशयाचे उद्गार ओसामु सुझुकींनी काढल्याचे वृत्त आहे.

दुसऱ्याच दिवशी, १८ सप्टेंबरला, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याने जाहीर केले की, फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत चाचणीच्या वेळी धूर कमी दाखविणारी गुप्त योजना बसविलेली आहे. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास अशी गाठ क्वचितच पडते. ज्या डिझेल तंत्रासाठी सुझुकीने पहिल्याने हात पुढे केला होता, त्याच तंत्राने फोक्सवॅगनला पुढील काही वर्षांत अब्जावधींच्या दंडात आणि नुकसानभरपाईत लोटले. आणि ज्या इंजिनावरून भांडण पेटले त्याचे काय झाले? भारतात तरी मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बनविणेच सोडून दिले. चार वर्षांचा खटला ज्या वस्तूसाठी, तीच वस्तू निकालानंतर पाच वर्षांच्या आत नाहीशी झाली.

फोक्सवॅगनने या व्यवहारात पैसा गमावला नाही, उलट मिळविला. गमावली ती भारतातील संधी. पुढे मार्च २०१७ मध्ये तिने टाटा मोटर्सशी स्वस्त गाड्यांबाबत बोलणी सुरू केली, ती त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिसकटली. चाकणचा कारखाना चालू आहे, तेथून गाड्या परदेशीही जातात, पण भारतीय बाजारातील तिचा वाटा लहानच राहिला आहे.

इथवर ऐकणाऱ्याची सहानुभूती सुझुकीकडे झुकली असेल. माझीही झुकते. तथापि नाण्याची दुसरी बाजू आपल्याच देशात आहे, आणि ती पाहिल्यावाचून पुढे जाणे न्यायाचे होणार नाही.

मारुतीमध्ये सुझुकीचा वाटा १९९२ साली ५० टक्के झाला. आता घरात दोघांचे पारडे समान होते, आणि नेमका तेथूनच बेबनाव सुरू झाला. १९९७ मध्ये सरकारने आपल्या पसंतीचा कार्यकारी संचालक नेमला. आमच्या संमतीवाचून ही नेमणूक झाली, असे म्हणत सुझुकी दिल्लीच्या न्यायालयात आणि आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेली. वादाच्या मुळाशी नवे भांडवल आणि नव्या गाड्या यांचा प्रश्न होता. सुझुकीला विस्तार हवा होता; सरकारला त्यासाठी पैसा घालणे नको होते आणि आपला वाटा कमी होऊ देणेही नको होते. १९९८ च्या जूनमध्ये तडजोड झाली. २००२ मध्ये सरकारने नवे समभाग घेण्याचा आपला हक्क सोडला, सुझुकीने कारभाराच्या हक्कापोटी १,००० कोटी रुपये अधिक मोजले आणि ५४.२ टक्क्यांची धनीण झाली. २००३ मध्ये सरकारने आपले काही समभाग १२५ रुपये दराने जनतेला विकले. २००७ पर्यंत सरकार पूर्णपणे बाहेर पडले आणि कंपनीच्या नावातही सुझुकी आली. २६ टक्क्यांच्या पाहुणीला घराची मालकीण होण्यास वीस वर्षे लागली. जे फोक्सवॅगनला हामामात्सुमध्ये पाच वर्षांत साधले नाही, ते सुझुकीने गुडगावमध्ये सबुरीने साधले. फरक इतकाच की, येथे ओसरी पसरणाऱ्याने प्रत्येक पावलाची किंमत मोजली आणि घरधन्याने ती संमतीने स्वीकारली. हा फरक लहान नाही.

मालकीण झाल्यावरचे वर्तन मात्र नेहमीच निर्दोष होते असे म्हणवत नाही. मारुती आपल्या जपानी मातृकंपनीला तंत्राबद्दल स्वामित्वधन देते; २०१० नंतरच्या दशकात काही वर्षे ते विक्रीच्या ५ टक्क्यांहूनही अधिक होते. जानेवारी २०१४ मध्ये तर असे जाहीर झाले की, गुजरातेत हंसलपूर येथे मारुतीने बांधावयाचा कारखाना आता सुझुकी स्वतःच्या पूर्ण मालकीने बांधील आणि तेथील गाड्या मारुतीला पुरवील. मारुतीचे उरलेले समभाग ज्यांच्याकडे होते, त्या म्युच्युअल फंडांनी आणि इतर गुंतवणूकदारांनी यावर आवाज उठविला. आपल्या कंपनीने आपल्याच मालकाकडून गाड्या घ्यावयाच्या, तर भाव कोण ठरविणार? वर्ष-दोन वर्षांपूर्वीच फोक्सवॅगनविरुद्ध लवादात गेलेल्या सुझुकीला हा प्रश्न अगदी ओळखीचा वाटावयास हवा होता. नव्या कंपनी कायद्याने अशा व्यवहारांत अल्पसंख्य भागधारकांना मताचा हक्क दिलेला होता. अटी बदलण्यात आल्या, भाव खर्चाइतकाच धरावयाचे ठरले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये त्या भागधारकांच्या मोठ्या बहुमताने प्रस्ताव संमत झाला. २०२३ मध्ये मारुतीने तो कारखाना सुमारे १२,८०० कोटी रुपयांना घेतला. ही किंमत नव्या समभागांच्या रूपाने दिली गेल्यामुळे सुझुकीचा वाटा ५८ टक्क्यांवर गेला. हे सारे कायदेशीर झाले आणि कारभाराच्या सोयीचेही असेल. परंतु अल्पसंख्यांना मत नसते, तर त्या अटी बदलल्या असत्या काय, याविषयी मला शंका आहे.

राहता राहिला चौथा घरोबा. फोक्सवॅगनचे प्रकरण मिटल्यानंतर वर्षभराने, ऑक्टोबर २०१६ मध्ये, सुझुकी आणि टोयोटा यांनी सहकार्याची बोलणी सुरू असल्याचे जाहीर केले. दोन्ही घराणी मुळात मागवाली. टोयोटाचे मूळपुरुष साकिची टोयोडा यांचा जन्म हामामात्सुच्या शेजारच्या कोसाई गावचा आणि त्यांची कीर्तीही स्वयंचलित मागांचीच. शिवाय १९७७ चे ते उसने इंजिन होतेच. या वेळी मात्र सुझुकीने समभागांची घाई केली नाही. मार्च २०१८ मध्ये भारतापुरता करार झाला : सुझुकीची बलेनो गाडी टोयोटाच्या दुकानांत ग्लान्झा या नावाने विकावयाची. २०१९ च्या जूनमध्ये ती विक्रीस आली. गाडी तीच, बोधचिन्ह तेवढे निराळे. आधी व्यवहार, मग विश्वास आणि सर्वांत शेवटी भांडवल, असा हा क्रम होता. ऑगस्ट २०१९ मध्ये टोयोटाने ९६ अब्ज येन देऊन सुझुकीचे ४.९४ टक्के समभाग घेतले. सुझुकीनेही ४८ अब्ज येनांचे टोयोटाचे समभाग घेतले. १९.९ वरून ४.९४ वर. दशांश स्थळांतही अनुभव मोजता येतो.

तेव्हापासून देवघेव दोन्ही दिशांनी चालू आहे. कर्नाटकात बिडदी येथील टोयोटाच्या कारखान्यात २०२२ पासून मारुतीची ग्रँड विटारा बनू लागली, आणि ज्या हायब्रिड तंत्रासाठी सुझुकी एके काळी जर्मनीच्या दारात उभी राहिली होती ते टोयोटाकडून त्या गाडीत आले. या सहकार्याचा पाया घालणारे ओसामु सुझुकी २०२१ मध्ये निवृत्त झाले आणि २५ डिसेंबर २०२४ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, निधन पावले. पुढील महिन्यात भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केले. त्याच सुमारास जपानात होंडा आणि निस्सान यांच्या एकीकरणाची मोठी वार्ता उठली होती. २३ डिसेंबर २०२४ ला समारंभपूर्वक घोषणा झाली. निस्सानने उपकंपनी व्हावे असा प्रस्ताव होंडाने पुढे ठेवताच १३ फेब्रुवारी २०२५ रोजी सारे रद्दही झाले. दरम्यान हंसलपूरला सुझुकीची पहिली विजेची गाडी तयार होत होती. २६ ऑगस्ट २०२५ रोजी तिच्या निर्यातीचा प्रारंभ झाला, आणि हीच गाडी टोयोटालाही पुरविण्याचे दोघांत ठरलेले आहे.